डीसीसीपीचा डबल फ्री: एक बग घेऊन कर्नलचे डीबग आणि मेमरी प्रोटेक्शनचे ऑप्शन तपासूया

मेन्युकॉन्फिग, म्हणजे लिनक्स कर्नल बिल्ड करण्याआधी त्याचे ऑप्शन निवडायचा मेन्यू, उघडलं की 'कर्नल हॅकिंग' आणि 'सिक्युरिटी ऑप्शन्स' या दोन मेन्यूंमध्ये इतके ऑप्शन असतात की नवीन माणूस दोनपैकी एक करतो, एकतर जे जे सुरक्षेचं वाटेल ते सगळं ऑन करतो आणि मग बोर्ड इतका स्लो होतो की टीम वैतागून सगळंच परत बंद करते, नाहीतर वेंडरनं दिलेली डिफॉल्ट कॉन्फिग तशीच ठेवून पुढे जातो. दोन्ही प्रकार मी खूप पाहिलेत. खरी अडचण अशी आहे की प्रत्येक ऑप्शनच्या हेल्पमध्ये तो काय करतो ते एका परिच्छेदात लिहिलेलं असतं, पण एखादा खरा बग आला तर तो नेमका कुठल्या टप्प्यावर उपयोगी पडेल आणि कुठे अजिबात पडणार नाही, हे तिथे कळत नाही. म्हणून एकच खरा बग घेऊया, सगळी माहिती जाहीर असलेला, आणि एकेका ऑप्शनला त्याच्यासमोर उभं करूया.

बग आहे सीव्हीई-२०१७-६०७४, हा जाहीर झालेल्या सुरक्षेच्या चुकांच्या यादीतला त्याचा नंबर.

काय झालं होतं

डीसीसीपी नावाचा एक नेटवर्क प्रोटोकॉल आहे. यूडीपीसारखा पॅकेट सोडतो, पण टीसीपीसारखं कंजेशन कंट्रोल करतो, व्हिडिओ-ऑडिओ स्ट्रीमिंगसाठी चांगला पडेल अशी त्यामागची कल्पना. आरएफसी ४३४० म्हणून २००६ साली तो ठरला, आणि लिनक्समध्ये त्याचा कोड त्याच्याही आधी, ऑक्टोबर २००५ मध्ये २.६.१४ बरोबर आला. प्रत्यक्षात तो फारसा कोणी वापरला नाही. पण कोड मात्र कर्नलमध्ये राहिला, आणि बऱ्याच डिस्ट्रोंनी तो मॉड्यूल म्हणून, म्हणजे लागेल तेव्हा लोड होणारा वेगळा तुकडा म्हणून, बिल्ड करून सगळ्यांच्या मशीनवर पाठवला.

फेब्रुवारी २०१७ मध्ये आंद्रेय कोनोवालोव यांना सिझकॉलर हा कर्नल तपासणारा फझर (त्याबद्दल पुढे) चालवताना त्यात एक डबल फ्री, म्हणजे एकच मेमरी दोनदा फ्री होण्याची चूक, सापडला. १५ फेब्रुवारीला कर्नलच्या सिक्युरिटी टीमला कळवलं, १७ ला पॅच मेनलाइनमध्ये, म्हणजे मूळ अधिकृत कर्नलमध्ये, गेला, २२ ला जाहीर केलं. ४.९.११ पर्यंतचे कर्नल यात अडकले होते. तपासलेलं सगळ्यात जुनं व्हर्जन २.६.१८, तेही अडकलेलंच निघालं, म्हणजे बहुधा पहिल्या दिवसापासूनच ही चूक होती, अकरा वर्षं. आणि परिणाम लहान नव्हता, मशीनवर साधं लॉगिन असलेला कोणीही यूजर थेट रूट होऊ शकत होता.

चूक नेमकी कुठे होती

हे जरा सावकाश बघू, कारण पुढचा सगळा हिशोब यावरच आहे.

कर्नलमध्ये प्रत्येक पॅकेट एका एसकेबीमध्ये असतं, म्हणजे पॅकेटचा डेटा आणि त्याची माहिती ठेवणारं स्ट्रक्चर. ते एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी वापरात असू शकतं म्हणून त्यात 'यूजर्स' नावाचा एक काउंट असतो. नेहमीची केफ्री_एसकेबी किंवा कन्झ्यूम_एसकेबी बोलावली की हा काउंट एकानं कमी होतो आणि शेवटचा वापरणारा गेला तरच मेमरी खरोखर फ्री होते. पण याच केफ्री_एसकेबीचं सुरुवातीला दोन अंडरस्कोर असलेलं एक भावंड आहे, ते काउंट बघतच नाही, सरळ फ्री करून टाकतं. ते वापरायचं तर आपणच एकटे मालक आहोत याची खात्री आपल्याला असली पाहिजे.

आता डीसीसीपीचं एक सॉकेट लिसन करतंय आणि त्याच्याकडे कनेक्शनची रिक्वेस्ट आली. डीसीसीपी_आरसीव्ही_स्टेट_प्रोसेस हे फंक्शन ती रिक्वेस्ट पुढे कनेक्शन-रिक्वेस्ट हाताळणाऱ्या फंक्शनकडे देतं, ते यशस्वी झालं की 'डिसकार्ड' या लेबलवर उडी मारतं आणि तिथे ते दोन अंडरस्कोरवालं फ्री बसलेलं आहे. आयपीव्ही४ मध्ये हे चाललं. पण आयपीव्ही६ मध्ये सॉकेटवर 'रिसीव्ह पॅकेट इन्फो' हा ऑप्शन लावला असेल, म्हणजे पॅकेट कुठल्या पत्त्यावर कुठल्या इंटरफेसवरून आलं ते मला सांग असं प्रोग्रामनं मागितलं असेल, तर रिक्वेस्ट हाताळणारं फंक्शन ती माहिती नंतर लागणार म्हणून एसकेबीचा पत्ता स्वतःकडे ठेवून घेतं आणि काउंट एकानं वाढवतं. म्हणजे त्यानं सगळं नियमाप्रमाणे केलं. आणि परत आल्यावर वरच्या फंक्शननं तो काउंट न बघता मेमरी फ्री करून टाकली. आता एका बाजूला फ्री झालेली मेमरी आणि दुसऱ्या बाजूला तिचा पत्ता हातात धरून बसलेला कोड, जो पुढे तिचा क्लोन काढणार, तिला हात लावणार, आणि शेवटी पुन्हा फ्री करणार.

दुरुस्ती अगदी छोटी होती, 'डिसकार्ड'वर उडी मारायच्या ऐवजी कन्झ्यूम_एसकेबी बोलवायचं आणि तिथूनच शून्य परत द्यायचं, बस. पॅचच्या मेसेजमध्ये कोनोवालोव यांनी आणखी एक गोष्ट नोंदवलीये जी मला फार महत्त्वाची वाटते: अशाच जातीची चूक टीसीपीच्या कोडमध्ये आधीच सापडून दुरुस्त झालेली होती. म्हणजे डीसीसीपीचा कोड टीसीपीच्या वळणावर लिहिलेला, पण टीसीपीकडे जगाचं लक्ष असल्यामुळे तिथे दुरुस्ती झाली आणि इकडे कोणी फिरकलंच नाही.

साध्या बिल्डमध्ये हे दिसत का नव्हतं

कारण सी मध्ये मेमरी फ्री केली म्हणून तिच्यातला मजकूर जात नाही. स्लब अलोकेटर, म्हणजे कर्नलमध्ये मेमरीचे लहान तुकडे वाटून देणारा कोड, फक्त 'ही जागा आता देता येईल' असं नोंदवून ठेवतो, आतमध्ये फ्रीलिस्टचा, म्हणजे मोकळ्या जागांच्या यादीचा, एक पॉइंटर लिहितो, बाकी सगळं जुनंच. त्यामुळे फ्री झालेल्या एसकेबीला लगेच कोणी हात लावला तर त्याला जुनं, बरोबर दिसणारं एसकेबी मिळतं आणि काम निभावून जातं. मधल्या काळात दुसऱ्या कोणी ती जागा घेतली तरच गडबड, आणि ती गडबड सुद्धा भलत्याच ठिकाणी दिसते, फाइलसिस्टीममध्ये नाहीतर यूएसबीच्या ड्रायव्हरमध्ये क्रॅश, आणि ड्रायव्हरवाला बिचारा आठवडाभर स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसतो. हे मी बोर्डांवर काम करताना पाहिलंय आणि म्हणूनच डीबग बिल्डबद्दल मी इतका आग्रही आहे.

आता डीबगचे ऑप्शन एकेक घेऊ.

पहिला स्लब डीबग. हा बहुतेक कर्नलमध्ये बिल्ड झालेलाच असतो, फक्त चालू नसतो, बूटच्या वेळी कमांड लाइनवर स्लब_डीबग लिहून पुढे एफ, झेड, पी, यू ही अक्षरं दिली की चालू होतो. एफ म्हणजे तपासण्या, झेड म्हणजे रेड झोन (ऑब्जेक्टच्या कडेला ठेवलेला राखीव पट्टा), पी म्हणजे पॉइझनिंग, यू म्हणजे ऑब्जेक्ट कोणी घेतलं कोणी सोडलं त्याची नोंद. कर्नल परत बिल्ड न करता चालू करता येतो, आणि हवं तर एकाच कॅशपुरता, म्हणजे एकाच जातीच्या ऑब्जेक्ट्सच्या साठ्यापुरता, उदाहरणार्थ फक्त एसकेबीच्या कॅशला. पॉइझनिंग चालू असेल तर फ्री झालेल्या ऑब्जेक्टमध्ये ६बी हा बाइट भरला जातो. मग फ्री झालेल्या एसकेबीतून कोणी पॉइंटर वाचला की त्याला ६बी६बी६बी६बी असा पत्ता मिळतो, ६४-बिट इंटेलवर तो वैध पत्ताच नाही, लगेच जनरल प्रोटेक्शन फॉल्ट. डम्पमध्ये रजिस्टरच्या ओळी बघताना एखाद्या रजिस्टरमध्ये ६बी ६बी असं लागोपाठ दिसलं की पुढचं काही न वाचता समजायचं की हा फ्री झाल्यानंतरचा वापर आहे. ही एकच खूण माहीत असली तरी बराच वेळ वाचतो. मर्यादा अशी की वाचणं नसून नुसतं लिहिणं असेल तर ते तिथल्या तिथे पकडलं जात नाही, ते ऑब्जेक्ट पुढच्या वेळी कोणाला द्यायला काढलं जातं तेव्हा 'पॉइझन ओव्हररिटन' असं कळतं. तोपर्यंत गुन्हेगार पसार झालेला असतो.

दुसरा डीबग पेजअलोक. फ्री झालेलं पेजच मॅपिंगमधून काढून टाकतो, हात लावला की पेज फॉल्ट. ऐकायला कडक, पण आपल्या बगला त्याचा फारसा उपयोग नाही, कारण एसकेबी पेजपेक्षा खूप लहान, एका पेजवर अशी अनेक ऑब्जेक्ट्स बसलेली, त्यातलं एक फ्री झालं म्हणून पेज काही फ्री होत नाही. केमेमलीक तर उलट्या जातीचा, जी मेमरी फ्री करायची राहून गेली ती शोधतो, इथे त्याचं कामच नाही.

आणि मग कासान, म्हणजे कर्नल ॲड्रेस सॅनिटायझर. आंद्रेय रियाबिनिन यांचं काम, २०१५ साली ४.० मध्ये आलं. माझ्या मते गेल्या दहा-पंधरा वर्षांत कर्नल डीबगिंगमध्ये आलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. कल्पना अशी: मेमरीच्या दर ८ बाइटमागे १ बाइटची शॅडो मेमरी ठेवायची. शॅडोमध्ये शून्य असेल तर आठही बाइट वापरायला मोकळे, १ ते ७ असेल तर पहिले तेवढेच, आणि निगेटिव्ह असेल तर अजिबात हात लावायचा नाही. कंपायलर प्रत्येक वाचण्या-लिहिण्याच्या आधी ही शॅडो तपासणारा कोड घालतो. शिवाय फ्री झालेलं ऑब्जेक्ट लगेच दुसऱ्याला न देता क्वारंटाइनमध्ये ठेवलं जातं, म्हणजे जागा पुन्हा वापरली जाऊन पुरावा पुसला जाणार नाही.

आपल्या बगवर कासान काय देतो ते बघा. रिपोर्टचे तीन भाग असतात: फ्री झालेल्या मेमरीला आत्ता कोणी हात लावला, ती मुळात कोणी घेतली होती, आणि ती फ्री कोणी केली. साधा क्रॅश तुम्हाला फार तर पहिला भाग देतो आणि तोही उशिरा, भलत्या ठिकाणी. इथे खरं उत्तर तिसऱ्या भागात आहे: फ्री करणाऱ्यांच्या स्टॅकमध्ये ते दोन अंडरस्कोरवालं फंक्शन आणि त्याच्या खाली डीसीसीपी_आरसीव्ही_स्टेट_प्रोसेस. कोड वाचणाऱ्याला लगेच प्रश्न पडतो की काउंट न बघता फ्री का केलं, आणि तो प्रश्न पडला की बग सापडलाच. रिपोर्ट वाचताना बरेच जण पहिलाच स्टॅक घेऊन बसतात, तसं करू नका, फ्री झाल्यानंतरच्या वापरात आधी 'फ्रीड बाय टास्क' वाचा.

एक सांगायचं राहील म्हणून इथेच सांगतो, कासान सहसा पहिलाच रिपोर्ट छापतो आणि पुढचे गिळतो, सगळे हवे असतील तर कासान_मल्टी_शॉट द्यावं लागतं. पण पहिला रिपोर्टच सगळ्यात भरवशाचा, नंतरचे बरेचदा त्याचेच पडसाद असतात.

खर्च? शॅडोसाठी मेमरीचा आठवा भाग जातो, म्हणजे ५१२ एमबीच्या बोर्डवर ६४ एमबी बूटलाच गेले, वर क्वारंटाइन आणि रेड झोन वेगळे, आणि वेग दीड ते तीन पटीनं कमी. म्हणून हा प्रॉडक्टमध्ये जाऊ शकत नाही. एआरएम ६४ वर मेमरी टॅगिंग असलेलं हार्डवेअर असेल तर ५.११ पासून हार्डवेअर टॅगवाला कासान आहे, तो बराच हलका पडतो, पण तसा चिप हातात असला पाहिजे.

आता एक मुद्दा लोक विसरतात. कासान बग शोधत नाही, बग घडला तर सांगतो. डीसीसीपी, आयपीव्ही६, लिसन करणारं सॉकेट आणि तो एक सॉकेट ऑप्शन, हे चारही एकत्र कुठल्या टेस्टमध्ये येणार? माणूस अशी टेस्ट लिहीत नाही. ते काम केलं सिझकॉलरनं, दिमित्री व्युकोव यांनी गूगलमध्ये सुरू केलेला फझर, जो सिस्टीम कॉल्सचे चित्रविचित्र क्रम बनवून कर्नलवर मारत राहतो आणि केकोव्ह या ऑप्शनमधून कुठला कोड चालला ते बघत नवनवीन वाटा शोधतो. केकोव्ह ४.६ मध्ये आला. दोघं मिळून जे करतात ते एकेकट्यानं होत नाही: फझरनं बग घडवला नाही तर कासान गप्प, कासान नसेल तर फझरला बग घडल्याचं कळतच नाही.

सिझकॉलरच्या कॉन्फिगमध्ये अजून एक गोष्ट आहे जी माझ्या पूर्ण म्हणण्याचा कणा आहे. ते कासान, केकोव्ह, लॉकडेप (लॉक घेण्यातल्या चुका पकडणारा) वगैरे चालू करायला सांगतात आणि त्याच वेळी केएएसएलआर, म्हणजे कर्नलचा पत्ता दर बूटला बदलणारं प्रोटेक्शन, बंद ठेवायला सुचवतात, कारण कव्हरेजच्या नोंदी जुळवायला स्थिर पत्ते सोपे पडतात. म्हणजे चांगला डीबग कर्नल आणि चांगला सुरक्षित कर्नल या दोन वेगळ्या बिल्ड आहेत. एकाच कॉन्फिगमध्ये दोन्ही कोंबायला गेलं की बोर्डही मंद होतो आणि बगही हाती लागत नाही.

हल्ला करणाऱ्याची वाट, आणि त्या वाटेवरचे ऑप्शन

कोनोवालोव यांनी नंतर रूट मिळवणारा नमुना कोडही प्रसिद्ध केला, उबुंटूच्या ४.४.०-६२ कर्नलवर तपासलेला. त्यात इंटेलच्या एसएमईपी आणि एसएमएपी या दोन हार्डवेअर प्रोटेक्शनना चुकवायची सोय होती, त्यांच्याच शब्दांत साधारण भरवशाची. ही दोन्ही काय करतात तर कर्नलला यूजरच्या मेमरीतला कोड चालवू देत नाहीत आणि डेटा वाचू देत नाहीत.

ढोबळ वाट अशी. आधी मेमरी एकदा फ्री करून घ्यायची. त्या जागी कर्नलचं दुसरं एखादं ऑब्जेक्ट येऊन बसेल असं करायचं. दुसऱ्यांदा फ्री करायची, आता ते नवीन ऑब्जेक्ट वापरात असूनही त्याची जागा मोकळी धरली गेली. मग त्या जागेवर आपल्याला हवा तो डेटा भरायचा, आणि त्या ऑब्जेक्टमध्ये फंक्शन पॉइंटर असेल तर कर्नल आपण सांगू ते फंक्शन चालवणार.

पहिल्या फेरीत निशाणा होता टायमर. तेव्हाच्या कर्नलमध्ये टायमरच्या स्ट्रक्चरमध्ये फंक्शनचा पॉइंटर आणि त्याला द्यायचा एक आकडा शेजारी-शेजारी असायचे. आणि कर्नलमध्येच प्रोसेसरच्या सेटिंगचं सीआर४ रजिस्टर लिहिणारं एक फंक्शन आहे जे नेमका असाच एक आकडा घेतं, आणि एसएमईपी-एसएमएपीचे बिट त्याच रजिस्टरमध्ये असतात. तर टायमरला सांगायचं की हे फंक्शन बोलव, हा आकडा दे, टायमर वाजला की दोन्ही प्रोटेक्शन कर्नलनं स्वतःच्या हातानं बंद केलेली. दुसऱ्या फेरीत एसकेबीच्या डेटाच्या शेवटी असलेल्या माहितीतला एक कॉलबॅक यूजरच्या कोडकडे वळवायचा, आणि तो कोड स्वतःला रूटची ओळख देऊन टाकतो.

हे वाचून पहिल्यांदा मला जे वाटलं ते असं की यातली एकही पायरी जादूची नाही, प्रत्येक पायरी कुठल्या ना कुठल्या ऑप्शननं अवघड करता येते. बघूया.

केएएसएलआर. नमुना कोडमध्ये कर्नलच्या फंक्शनचे पत्ते सरळ आकड्यांत लिहिलेले होते, त्या एका कर्नलसाठी. पत्ते दर बूटला बदलत असतील तर आधी पत्ता फोडायला दुसरा बग लागतो. इंटेलवर हा ऑप्शन ३.१४ पासून आहे, पण डिफॉल्ट ऑन झाला ४.१२ मध्ये. अर्थात डीमेसेजमधून, म्हणजे कर्नलच्या लॉगमधून, पत्ते गळत असतील तर याचा उपयोग संपला, म्हणून साध्या यूजरला लॉग आणि पत्ते दिसू न देणारे डीमेसेज_रिस्ट्रिक्ट आणि केपीटीआर_रिस्ट्रिक्ट सोबत लावायचे.

स्लॅब फ्रीलिस्ट हार्डन्ड, ४.१४ पासून. फ्रीलिस्टचे पॉइंटर गुप्त आकड्यानं गुंतवून ठेवतो आणि डबल फ्रीची एक साधी तपासणीही करतो. लोकांना वाटतं आपला बग डबल फ्री आहे तर हा पकडेलच. नाही पकडणार. त्याची तपासणी एवढीच की आत्ता फ्री होतंय ते ऑब्जेक्ट फ्रीलिस्टच्या टोकावर आधीच बसलंय का. आपल्या वाटेत दोन फ्रीच्या मध्ये दुसऱ्यानं ती जागा घेतलेली आहे, त्यामुळे टोकावर भलतंच काहीतरी असतं आणि तपासणी पास होते. ऑप्शन चांगला आहे, ठेवाच, पण तो काय करत नाही हेही माहीत पाहिजे.

रेफकाउंट_टी, म्हणजे असे काउंट ठेवायचा जास्त सुरक्षित टाइप. ४.११ मध्ये आला, एसकेबीचा यूजर्स काउंट ४.१३ मध्ये त्यावर गेला. काउंट ओव्हरफ्लो होणं, शून्यावरून परत वर जाणं असल्या चुका पकडतो. आपल्या बगमध्ये काउंट बरोबरच होता हो, तो न बघता फ्री केलं ही चूक होती, म्हणून फ्री होतानाच्या त्या क्षणी हा काही बोलणार नाही.

इनिट ऑन फ्री, ५.३ पासून, फ्री झालेली मेमरी शून्यानं भरतो. जुना डेटा गळण्याविरुद्ध फार छान, पण इथे हल्लेखोर जुन्या डेटावर अवलंबूनच नाही, तो नंतर स्वतःचा डेटा भरतो. थोडीफार अडचण होईल, वाट बंद होणार नाही.

रँडम केमॅलोक कॅशेस, ६.६ पासून. एकाच आकाराच्या अलोकेशनचे अनेक गट करतो आणि कोडमधल्या कुठल्या जागेवरून मागणी आली त्यावर, बूटला ठरलेल्या गुप्त बीजाप्रमाणे, गट ठरतो. म्हणजे फ्री झालेल्या जागी आपल्याला हवंच ते ऑब्जेक्ट येईल याची खात्री राहत नाही. हा या वाटेच्या अगदी मुळावर बसतो, आणि कॅश मर्ज करणं बंद ठेवलं तर अजून बरं.

आता गंमत वाटावी इतका नेमका बदल: टायमरचा तो शेजारी-शेजारीचा आकडाच काढून टाकला. केस कुक यांनी हे काम लावून धरलं, २०१७ च्या शेवटापासून कर्नलभरचे शेकडो टायमर नवीन पद्धतीवर नेले गेले आणि ४.१५ मध्ये तो डेटा फील्ड गेला. आता टायमरच्या फंक्शनला हल्लेखोराच्या मनातला आकडा मिळत नाही, टायमरचाच पत्ता मिळतो. याला कॉन्फिगमध्ये ऑप्शन नाही, नवीन कर्नल घेतला की मिळतं. तसंच ५.३ पासून सीआर४ मधले एसएमईपी-एसएमएपीचे बिट पिन केलेत, ते लिहिणारं फंक्शन कोणी बोलावलं तरी ते बिट परत लावले जातात आणि वॉर्निंग येते. आणि क्लँग कंपायलरनं बिल्ड करत असाल तर सीएफआय, एआरएम ६४ वर ५.१३ पासून, इंटेलवर ६.१ पासून, पॉइंटरमधून बोलावलेल्या फंक्शनचा टाइप जुळतो का तेच तपासतो. वेंडरच्या जुन्या कर्नलवर पंधरा ऑप्शन चालू करून जे मिळत नाही ते कर्नल अपग्रेड केल्यानं नुसतं मिळतं, हे मॅनेजरला पटवून देणं हे आपल्या कामातलं सगळ्यात अवघड काम, तरी ते करायचंच.

हार्डन्ड यूजरकॉपी, व्हीमॅप स्टॅक, स्टॅक प्रोटेक्टर यांचा या बगशी संबंध नाही. एक कॉपीच्या सीमा बघतो, दुसरा आणि तिसरा स्टॅकशी निगडित. तरी ते ठेवायचे, खर्च नगण्य आहे आणि पुढचा बग स्टॅकमधलाच असेल. स्ट्रिक्ट कर्नल आरडब्ल्यूएक्स, म्हणजे कोडवर लिहिता येणार नाही आणि डेटा चालवता येणार नाही, हा तर पाया आहे, तो नसता तर हल्लेखोराला एवढे फेरे घ्यावेच लागले नसते. याचं जुनं नाव डीबग_आरओडेटा होतं, ४.११ मध्ये बदललं, त्यामुळे जुन्या कर्नलमध्ये 'डीबग दिसतंय, प्रॉडक्टमध्ये कशाला' म्हणून कोणी बंद केलेलं असू शकतं. ४.४ किंवा ४.९ वर असाल तर हे आजच बघा.

ज्यानं सगळ्यात जास्त फरक पडला असता

वरचे सगळे ऑप्शन बग असताना काय करायचं याचे आहेत. पण ज्या मशीनवर डीसीसीपी कोणी कधी वापरणारच नव्हतं तिथे तो कोड होताच कशाला?

इथे एम या अक्षराचा मोठा गैरसमज आहे. कॉन्फिगमध्ये आयपी_डीसीसीपी पुढे एम असेल तर लोक म्हणतात मॉड्यूल आहे ना, लोड केलं तरच येईल, एलएसमॉडमध्ये, म्हणजे लोड झालेल्या मॉड्यूल्सच्या यादीत, दिसत तर नाहीये. पण कोणत्याही साध्या यूजरनं डीसीसीपीचं सॉकेट मागितलं की कर्नल स्वतःच मॉडप्रोबला, म्हणजे मॉड्यूल लोड करणाऱ्या प्रोग्रामला, हाक मारतो. मॉड्यूलमध्ये उर्फ नाव लिहिलेलं असतं, नेट-पीएफ-१०-प्रोटो-३३-टाइप-६, यात १० म्हणजे आयपीव्ही६, ३३ हा डीसीसीपीचा प्रोटोकॉल नंबर, ६ हा सॉकेटचा टाइप. एक सॉकेट कॉल, आणि अकरा वर्षं कोणी न बघितलेला कोड रिंग झीरोमध्ये, म्हणजे कर्नलच्या पूर्ण अधिकारांसह, हजर, रूट न होता. म्हणून नेटवर्क प्रोटोकॉलच्या बाबतीत एम म्हणजे जवळजवळ वाय, म्हणजे कर्नलमध्ये आतच बिल्ड केलेलं, असंच धरा.

तेव्हा पॅच येईपर्यंतचा उपाय म्हणून हेच सुचवलं गेलं होतं की मॉडप्रोबच्या कॉन्फिगमध्ये डीसीसीपीच्या इन्स्टॉलपुढे बिन/ट्रू लिहा, म्हणजे हाक मारली तरी काहीच लोड होणार नाही. डेबियननं तर आपल्या कर्नलमध्ये डीसीसीपीचं आपोआप लोड होणंच बंद केलं. आणि त्याच वर्षी डीसीसीपीत अजून एक फ्री-नंतर-वापर सापडला, सीव्हीई-२०१७-८८२४. ज्यांनी पहिल्या वेळी नुसता पॅच लावला त्यांना परत धावावं लागलं, ज्यांनी ऑप्शनच एन केला होता त्यांना काहीच करावं लागलं नाही.

बोर्डासाठी बिल्ड करताना मेक लोकलमॉडकॉन्फिग वापरा, चालू मशीनवर जी मॉड्यूल्स लोड झालेली आहेत तेवढीच ठेवतं. चालवायच्या आधी बोर्डला लागणारं सगळं एकदा जोडून घ्या, यूएसबी मोडेम, कॅमेरा, जे असेल ते, नाहीतर त्यांचेही ड्रायव्हर जातील.

मी बिल्ड कशा लावतो

एक बेस कॉन्फिग, त्यात फक्त हार्डवेअर आणि लागणारे प्रोटोकॉल. त्याच्यावर दोन तुकडे, मर्ज_कॉन्फिग स्क्रिप्टनं जोडायचे. प्रॉडक्टच्या तुकड्यात केएएसएलआर, स्ट्रिक्ट आरडब्ल्यूएक्स, स्ट्राँगवाला स्टॅक प्रोटेक्टर, हार्डन्ड यूजरकॉपी, फोर्टिफाय सोर्स, फ्रीलिस्टचे दोन्ही ऑप्शन (हार्डन्ड आणि रँडम), इनिट ऑन अलोक, व्हीमॅप स्टॅक, आणि लिस्ट करप्शनची तपासणी. ६.७ पासून कर्नलच्या ट्रीमध्येच हार्डनिंग.कॉन्फिग नावाची फाइल आहे, सुरुवात तिच्यापासून करा. डीबगच्या तुकड्यात कासान, केकोव्ह, प्रूव्ह लॉकिंग, डीबग ॲटॉमिक स्लीप, यूबीसान (सी च्या नियमांबाहेरचं वर्तन पकडणारा), केमेमलीक, आणि केएएसएलआर बंद. ही डीबग बिल्ड क्यूएमू या एम्युलेटरवर आणि जमलं तर एका खऱ्या बोर्डवर रोज रात्री चालली पाहिजे, बग आल्यावर धावपळीत बनवलेली डीबग बिल्ड बहुतेक वेळा बूटच होत नाही.

दोन गोष्टी मात्र दोन्हीकडे. एक डीबग इन्फो: यानं चालणारा कर्नल मंद होत नाही, फक्त व्हीएमलिनक्स फाइल फुगते, ती बोर्डवर जातच नाही, ती रिलीजच्या नंबरसकट सर्व्हरवर जपून ठेवायची म्हणजे फील्डमधून आलेला स्टॅक ट्रेस डीकोड_स्टॅकट्रेस स्क्रिप्टनं ओळीच्या नंबरापर्यंत नेता येतो. दुसरं केफेन्स, ५.१२ पासून. हा फ्री-नंतर-वापरच पकडतो पण प्रत्येक अलोकेशन न बघता अधूनमधून एखादं, डिफॉल्टला दर १०० मिलिसेकंदांनी एक, आणि त्याला दोन्ही बाजूंनी गार्ड पेज लावून. २५५ ऑब्जेक्टसाठी मेमरी लागते २ एमबी. एका बोर्डवर तो आपला बग पकडेल याची शक्यता कमी, पण हजारो बोर्ड महिनोन्महिने चालत असतील तर कुठेतरी पकडतो, आणि रिपोर्ट कासानसारखाच तीन भागांचा. प्रॉडक्टमध्ये ठेवावा असा डीबगचा ऑप्शन मला तरी हाच वाटतो.

पॅनिक_ऑन_ऊप्स, म्हणजे ऊप्स (कर्नलमधली गंभीर चूक) आला की कर्नलनं पुढे न चालता थांबावं हा ऑप्शन, याबद्दल टीममध्ये नेहमी वाद होतात. माझं मत ऑन ठेवावं, अडकलेलं मशीन रीबूट करणाऱ्या वॉचडॉगसकट. अशा हल्ल्यात नेम चुकला की ऊप्स येतो, आणि कर्नल तसाच चालू राहिला तर हल्लेखोर परत परत प्रयत्न करतो. रीबूट झाला तर पत्तेही बदलतात आणि मशीनच्या मालकाला कळतंही. जिथे रीबूट परवडतच नाही, उदाहरणार्थ एखादं वैद्यकीय उपकरण, तिथे हा निर्णय कर्नलवाल्यानं एकट्यानं घेऊ नये.

डीसीसीपी स्वतः आता लिनक्समध्ये नाही, २०२५ मध्ये ६.१६ ला तो काढून टाकला. पण ४.४, ४.९ वरचे वेंडर कर्नल असलेले राउटर, कॅमेरे, पीओएसची मशीन अजून चालू आहेत आणि त्यांची कॉन्फिग बहुतेकदा कुठल्या तरी डेस्कटॉप डिस्ट्रोवरून उचललेली असते. तुमच्या बोर्डवर प्रॉक फोल्डरमध्ये कॉन्फिग.जीझेड असेल तर झेडग्रेपनं त्यात डीसीसीपी आणि एससीटीपी, टीआयपीसी, आरडीएस हे दुसरे प्रोटोकॉल शोधा. ती फाइल नसेल तर लिब/मॉड्यूल्सच्या आत कर्नलच्या व्हर्जनच्या फोल्डरमध्ये मॉड्यूल्स.अलायस बघा, 'प्रोटो-३३' अशी ओळ सापडली तर एकदा साध्या यूजरनं डीसीसीपीचं सॉकेट उघडून एलएसमॉड करा, आणि मॉड्यूल लोड झालेलं दिसलं तर पुढच्या रिलीजची वाट न बघता मॉडप्रोबची ती एक ओळ आत्ताच टाका, कॉन्फिगमधला एन पुढच्या बिल्डला.